विहिणीचा रोस्ट

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, लंडनच्या कडेचं पिनर. हजर: विद्याधरकाका (यजमान), त्यांची मुलगी मृणाल, जावई डेव्हिड, डेव्हिडची आई जोन, आणि शेजारीण म्हणून मी. शिवाय गॅरेजमध्ये चार पौंड वजनाचा बीफचा तुकडा. त्याला गॅरेजमध्येच राहायचं होतं, कारण विद्याधरकाकांच्या घरात मांस येत नाही.

काकांच्या बायकोचा, कुसुममावशींचा तो नियम. त्या जाऊन तीन वर्षं झाली, नियम आहे तिथेच आहे. म्हणून काकांनी एक जुना ओव्हन मिळवून गॅरेजमध्ये लॉनमोअर आणि रंगाच्या डब्यांच्या मधे बसवला. जेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. त्यावर आमची दोन दिवस संध्याकाळी चर्चा झाली.

"कन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत," काका शेवटी म्हणाले. "ती आम्ही कौन्सिलला न विचारता बांधली. म्हणजे कागदोपत्री ती घर नाही. रीतीत बसतं."

'रीतीत बसतं का?' हा काकांचा मुख्य प्रश्न. पुण्याहून येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण रीत सुटलेली नाही. संक्रांतीला ते कचऱ्याचे बिन उचलायला येणाऱ्या माणसांना गेटवर गाठून तिळगूळ देतात आणि 'गोड बोला' याचं इंग्रजी करून सांगतात. ती माणसं "चिअर्स, मेट" म्हणून जातात. काकांच्या मते ते पुरेसं गोड आहे. शेजारच्या घराला मूल झालं तेव्हा ते बारशाला काय आणू म्हणून विचारायला गेले होते. बारसं नाही म्हटल्यावर पाळणा बघून, एक ओळ गुणगुणून परत आले.

तर ही विहिणीची पंगत. मृणालचं लग्न कोविडात झालं, तेव्हा पाहुण्यांना बंदी होती, रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. विहिणीला आवडीचं जेवण घालायचं राहिलं, हे कुसुममावशी शेवटपर्यंत बोलत होत्या. जोनला काय आवडतं, असं काकांनी डेव्हिडला विचारलं. डेव्हिड बेसावध होता. म्हणाला, "रोस्ट बीफ."

काका जन्माचे शाकाहारी. मी चिकनच्या पायरीवर थांबलेली. एवढ्या भांडवलावर आम्ही उभे राहिलो. मी यादी केली: बटाटे कधी, गाजरं कधी, मांस बाहेर कधी. जोन या घरी पहिल्यांदाच जेवणार होती. जेवण बिनसलं तर ही माणसं पुन्हा यायची नाहीत, हे काकांनी मनाशी पक्कं धरलं होतं. सकाळपासून ते गॅरेज ते किचन अशा फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला मला काहीतरी विचारत होते. दुपारपर्यंत माझे पाय बोलायला लागले.

यादीप्रमाणे मांस बाहेर आलं. काकांनी कडेला सुरी घातली आणि दचकले. "सुनीताबाई, हे आत लाल आहे."

"तसंच असतं म्हणतात."

"पाहुण्याला कच्चं वाढायचं? अहो, विहीण आहे ती."

"मग कुणीतरी चाखून बघायला हवं," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी पस्तावले.

"पाहुण्याचं अन्न आधी उष्टं करतात का?" ते म्हणाले, आणि तुकडा परत आत गेला. वरणासारखा शिजेपर्यंत. मी भांडले नाही. खरं सांगायचं तर खुर्ची रिकामी दिसली आणि बसले.

जेवायला बसलो. काकांच्या ताटात बटाटे आणि लिंबाचं लोणचं. जोन सत्तरीची, ताठ बसणारी, सगळं बारकाईनं बघणारी बाई. तिनं पहिला घास घेतला, पुष्कळ वेळ चावला आणि म्हणाली, "लव्हली."

"काय कमी आहे?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. लव्हली."

"मीठ?"

"बाबा, स्टॉप," मृणाल तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "तू असा काय विचारतो? ती माझा सासू आहे, एक्झामिनर नाही."

"अगं, आपल्याकडे विहीण रुसते. पाट वाकडा, मीठ कमी, काहीतरी काढतेच. 'लव्हली' म्हणून हात धुऊन जाते ती विहीण कसली?" मग हे सगळं त्यांनी जोनला इंग्रजीत सांगितलं, रुसणं हाताच्या घड्या घालून करूनसुद्धा दाखवलं. डेव्हिड ताटात बघत राहिला.

जोननं काटा खाली ठेवला. "मी खरं सांगितलेलं चालेल?"

"प्लीज."

"हे फार वेळ भाजलंय, विद्या. बुटाचा तळवा चावतेय असं वाटतंय. ग्रेव्ही पाणी आहे. आणि बीफबरोबर हॉर्सरॅडिशची झणझणीत चटणी नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

मृणालनं डोळे मिटून घेतले. काका मात्र खुर्चीत मागे टेकले, सकाळपासून पहिल्यांदाच.

"सुनीताबाई, लिहून घ्या," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी मी सकाळीच येते," जोन म्हणाली. "तू ओव्हनला हात लावायचा नाहीस." आणि तिनं आणखी दोन बटाटे वाढून घेतले, ते मात्र चांगले झालेत म्हणाली.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरायला थांबले. काका शेजारी फडकं घेऊन उभे होते, पुसलेलीच प्लेट पुन्हा पुसत.

"कुसुम मला रोज नावं ठेवायची," ते म्हणाले. "चहा पांचट, पडदा तिरका, मोजे कसले घातलेत. ती गेल्यापासून सगळे 'छान, काका, छान' म्हणतात आणि लवकर निघतात. मृणालसुद्धा."

मी रोस्टचा ट्रे ओढला. तळाशी कोळशासारखा थर बसला होता.

"तो भिजू दे," काका म्हणाले. "मी घासून ठेवतो. उद्या येऊन बघा, आणि नीट निघाला नाही म्हणा."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन तसं म्हटलं. परवाही म्हटलं. ट्रे अजून घासायचा आहे.