पानसेबाईंचं इतिवृत्त

पानसेबाई कुणाला चहा विचारत नसत. "चहाचा विषय दाखल करू का?" असं म्हणत. आपण हो म्हटलं की "अनुमोदन?" म्हणून पलीकडच्या टेबलाकडे बघत. तिकडची मान हलली तरच चहा सांगितला जाई. एकदा पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांचं पोट बिघडलं होतं, तर त्या दिवशी मलाही चहा मिळाला नाही.

पुण्याच्या पालिकेत मी टंकलेखक म्हणून लागलो, तेव्हा हद्दीत नवी गावं नुकतीच आली होती. खराडीकडच्या ज्वारीच्या शेतांवर आता कॉम्प्युटरवाले येणार अशी हवा होती. कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे मैदान, यावरून मुख्य सभेत रोज हातघाई चाले. बाई तिथल्या लघुलेखिका. कोण काय बोललं ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेत आणि मी ते टाइप करी. ते झालं इतिवृत्त, म्हणजे सभेची अधिकृत नोंद. त्यात नसेल ते घडलंच नाही.

आता सभासद बोलत ते आणि बाई नोंदवत ते, यात थोडं अंतर असे. "जमीन काय तुमच्या बापाची आहे का?" असं एक जण ओरडला. नोंद झाली, 'सन्माननीय सभासदांनी जमिनीच्या मालकीबाबत विचारणा केली.' दुसरे एक टेबलावर चढले. 'सभासदांनी विषय उंचीवरून मांडला.' जेवणानंतर घोरणारे सगळे 'विचारमग्न'.

माझं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "एकमतानं की बहुमतानं?"

सभासद त्यांना वचकून असत. एक ज्येष्ठ पुढारी मागच्या बाकांकडे वळून भाषण करू लागले की बाई पेन्सिल खाली ठेवत. "अहो, इकडे तोंड करा. पाठीला इतिवृत्त नसतं." बाई सदाशिव पेठेत राहत, त्यामुळे या बोलण्याचं कुणाला नवल वाटत नसे.

एके दिवशी नव्या गावांचा आराखडा सभेपुढे आला. रस्ता रुंद करायचा की नाही यावरून दोन्ही बाजू उठल्या आणि एकच कालवा झाला. त्यातच नव्या गावातून निवडून आलेल्या शेवंताबाई पहिल्यांदाच बोलायला उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. पदर सावरून त्या मिनिटभर काहीतरी बोलल्या आणि खाली बसल्या. आम्हाला कुणालाच शब्द कळला नाही. आराखडा 'सभासदांच्या सूचनांसह' मंजूर झाला आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या वहीत शेवंताबाईंचं भाषण पूर्ण निघालं. "तुमच्या नकाशात तिथं मैदान हाय. आमच्या गावात तिथं पस्तीस चुली हायेत. पोरांनी खेळावं, आमचं ना नाही. पण शेजारी गायरान मोकळं पडलंय, तिकडं न्या मैदान."

नगरसचिव, म्हणजे आमचे साहेब, वही घेऊन आले. "बाई, टेपवर नुसता गोंधळ आहे. हे कुठून आलं?"

"टेपला कळलं नसेल. मी पाहिलं."

साहेबांनी शेवंताबाईंना बोलावून घेतलं. काल काय बोललात ते पुन्हा सांगा, म्हणाले. त्या बिचकत बोलू लागल्या, साहेब वहीवर बोट फिरवू लागले. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. एरवी सगळ्या सभेचं मराठी सुधारणाऱ्या बाईंनी यातल्या 'हाय'लासुद्धा हात लावला नव्हता. साहेबांनी मुकाट्यानं सही केली.

मला मात्र ते 'पाहिलं' खटकलं होतं. जेवणाच्या सुटीत मी विचारलं. बाईंनी डबा बंद केला.

"उजवा कान पूर्ण गेलाय. डावा निम्मा. मी ओठ बघून लिहिते. काल ओरडणारे सगळे सारखेच दिसत होते, ती एकटी नीट बोलत होती. कुणाला सांगू नका. निवृत्तीला दोन वर्षं आहेत."

"कधीपासून, बाई?"

"तेच तर कळत नाही. आई गेल्यापासून घरात बोलणारंच कुणी नाही. ऐकू येत नाही हे समजणार कसं? कुकरची शिट्टी कळेना आणि डाळ करपायला लागली, तेव्हा शंका आली."

माझ्या डब्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "जेवा. पोळी गार होतेय."

शेवंताबाईंची सूचना नोंदीत होती म्हणून पुढे गेली, तिच्यावर सुनावणी झाली आणि मैदान गायरानावर सरकलं. पस्तीस घरं राहिली. मग शेवंताबाई पिशवीभर वालपापडी घेऊन आल्या आणि रविवारी जेवायला यायचंच, असं बाईंना बजावून गेल्या. बाई नको नको म्हणत गेल्या.

सोमवारी त्या उशिरा आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. चेहरा उन्हानं रापला होता, केसांत अबोलीचा गजरा होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"अहो, सगळ्या बायका एकदम बोलत होत्या माझ्याशी," त्या म्हणाल्या. "कुणाकडे बघू तेच कळेना." आणि गजरा सारखा करत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत बोलावलंय."