हरकतीला पडलेल्या टाळ्या

अचलपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात, ई-क्लासच्या सरकारी पडीक जमिनीवर अमरावती शहराचा कचरा टाकायचं ठरलं होतं. आणि ठरून झाल्यामुळे आता लोकांना विचारणं क्रमप्राप्त होतं. जमिनीला लागूनच गावाच्या पिण्याच्या पाण्याची एकुलती एक विहीर. विहिरीला सगळ्यात जवळचं घर मैनाबाईचं, म्हणून जनसुनावणीत बोलायचं तिच्याकडे आलं.

मांडव असा पडला होता, की नवरदेव तेवढा यायचा बाकी. लोकसल्ला अधिकारी अनुपसाहेब आले. मग रिवाजाप्रमाणे शाल-नारळ. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या ड्रायव्हरचा सत्कार, माईकवाल्याचा सत्कार. दर सत्काराला टाळ्या. उन्हं कलली तेव्हा कुठं मैनाबाईच्या हाती माईक आला.

"सायेब, घरात पोरगी बाळंतीण हाय. तिले हेच पानी पाजतो आमी. इहिरीच्या काठी कचरा काहून टाकून राहिले?"

मांडवात अशा टाळ्या पडल्या, की परतवाड्याची एसटी थांबा नसताना थांबली.

साहेब प्रसन्न झाले. लेखनिकाला म्हणाले, "घ्या. प्रकल्पावरील चर्चेस प्रचंड टाळ्या. सबब, पाठिंबा."

"त्या टाया माह्या बोलन्याले होत्या, सायेब."

"बाई, टाळी कशाला पडली हे टाळीत ऐकू येत नाही."

मैनाबाईनं भांडून फेरसुनावणी मिळवली आणि गावाला बजावलं, हात काखेत ठेवा. साहेब बोलले, मांडव मुका. नोंद झाली: 'निःशब्द संमती.' तिसऱ्या सुनावणीला मग गाव फिरकलंच नाही. साहेब रिकाम्या खुर्च्यांपुढे तासभर बोलले. आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून ती ड्रायव्हरनं त्यांच्याच खांद्यावर घातली. नोंद झाली: 'प्रशासनावर ग्रामस्थांचा इतका विश्वास, की येण्याचीही गरज भासली नाही.'

मैनाबाई अमरावतीला कचेरीत जाऊन धडकली.

"आमाले तीनदा इचारलं. कचरा ज्यायचा हाय, त्यायले एकदा तरी इचारलं का?"

"विचारलं तर," साहेब म्हणाले. "रविवारच्या पेपरात सूचना छापली होती. सुशिक्षित शहर आहे, बाई. एकही हरकत आली नाही."

त्याच आठवड्यात पहिला ट्रक रिकामा झाला. मैनाबाई पाण्याला गेली, तर ढिगातून उडालेलं पेपराचं एक पान विहिरीच्या काठाला चिकटलेलं. तिनं ते सोडवून सरळ केलं. मेथीच्या काड्या झटकल्या. शब्दकोडं निळ्या शाईनं पूर्ण भरलेलं होतं, एक शब्द तर खोडून पुन्हा, विचारपूर्वक. कोड्याला लागूनच चौकट होती: 'विहिरीलगत कचरा टाकण्यास नागरिकांची हरकत असल्यास कळवावे.'

कोड्यातलं हस्ताक्षर, वाचकहो, तुमचं होतं.