झिजलेल्या कॉलरची थोरवी

माणूस नश्वर आहे. चांगल्या सुती कापडाचा शर्ट तसा नाही, निदान रत्नागिरीत तरी नाही.

इतरत्र शर्ट फाटला की टाकून देतात. आमच्याकडे त्याची बदली होते. नवा शर्ट प्रथम कपाटात रुजू होतो आणि डांबरगोळ्यांच्या सहवासात परिवीक्षा काळ पुरा करतो (काही शर्ट तिथूनच निवृत्त होतात, ते 'चांगल्या प्रसंगासाठी' राखलेले असतात आणि प्रसंग तेवढा चांगला येत नाही). पुढे लग्नकार्य, मग कचेरी, मग बाजार, मग घर, मग बाग. बागेत आंब्याचा चीक लागला की तो सेवेत कायम झाला असं समजावं. त्यानंतर बुजगावण्याच्या अंगावर त्याच्याकडे वानरांचा बंदोबस्त येतो, आणि शेवटी पोतेरं होऊन तो घराच्या पायाशी लीन होतो. या क्रमात कोणी ढवळाढवळ करत नाही. बाजाराच्या शर्टात कचेरीत गेलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न लांबलं.

माझे शेजारी राजाभाऊ आंब्याचे बागायतदार. त्यांच्याकडे एक शर्ट असा होता, की ज्याची बदली त्यांनी वर्षानुवर्षं रोखून धरली होती. लाल-निळ्या-पिवळ्या चौकड्यांचा. त्यांचे थोरले भाऊ हरिश्चंद्र जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी तो तरुणपणी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात घेतला. तिथल्या दुकानदाराने 'धुतल्यावर रंग जाईल' अशी हमी दिली होती. (आमच्याकडे रंग जाणार नाही अशी हमी देतात नि मग तो जातो. अमेरिकेत व्यवहार सरळ.) कापड मूळचं मद्रासचं. म्हणजे मद्रासहून रत्नागिरीला येताना ते वाटेत अमेरिका बघून आलं.

हरिश्चंद्र वारले आणि शर्ट धाकट्या भावाच्या अंगावर आला. नियमाप्रमाणे तो केव्हाच बुजगावण्याकडे जायला हवा होता, पण प्रकरण 'घर' या टप्प्यावर प्रलंबित राहिलं. कॉलरचे दोरे सुटले, कोपरं गेली, चौकड्या एकमेकींत विरघळल्या. त्यांच्या पत्नी लीलावहिनींनी विषय काढला की राजाभाऊ म्हणत, "असू दे गो. मऊ झालाय आता." भावाबद्दल याहून जास्त बोलताना मी त्यांना ऐकलं नाही.

इतक्यात त्यांचा मुलगा सलिल मुंबईची नोकरी सोडून घरी आला आणि त्याने गावात जुन्या अमेरिकन कपड्यांचं दुकान काढलं. उद्घाटनाआधी त्याने आम्हाला पडवीत बसवून या पोशाखाचा इतिहास सांगितला. इतिहास थोर आहे. अमेरिकेत बड्या घरच्या मुलांची काही खास कॉलेजं होती. घोड्यावर बसून चेंडू मारताना वाऱ्याने कॉलर तोंडावर येई, म्हणून कॉलरला बटणं लागली. पुढे बहुतेकांचे घोडे गेले, बटणं राहिली. महायुद्धानंतर शिपाई खाकी विजारींसकट कॉलेजात शिरले, तेव्हा खाकी ही विद्वत्तेची खूण झाली (आमच्याकडे ती पोस्टमनचीच राहिली). साठ सालाच्या सुमारास रंग जाणाऱ्या चौकड्या आल्या. ऐंशीच्या दशकात एकावर एक दोन शर्ट घालून दोन्ही कॉलरी उभ्या करण्याइतकी प्रगती झाली, आणि स्वेटर अंगात घालायचा सोडून खांद्यांवरून बाह्यांची गाठ मारू लागले. मग कारखाने नव्या शर्टांच्या कॉलरी मुद्दाम झिजवून देऊ लागले. आता लोक खऱ्याखुऱ्या झिजलेल्या कॉलरी शोधत हिंडतात.

"पण झिजलेल्याच कशाला रे?" लीलावहिनींनी विचारलं.

"आई, पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रीमंत असतात ना, त्यांना नवं घालून दाखवावं लागत नाही. फाटकं घालता येणं हीच श्रीमंती."

राजाभाऊंनी आपल्या कोपराच्या भोकातून बोट आरपार घातलं. "मग मी रे कोण?"

या व्याख्येनुसार मी आमच्या आळीची पाहणी केली. शंभरातली ऐंशी घरं खानदानी निघाली. उरलेल्या विसांत नुकतीच लग्नं झालेली होती.

असल्या सरदारांच्या वस्तीत दुकान चालणार कसं? गिऱ्हाईक येई, कॉलर चाचपून बघे, "आमच्या अण्णांचा असाच आहे" म्हणे आणि आणखी चार आणून देऊ का विचारून जाई. एका बाईंनी पोतेऱ्याचा भाव विचारला. नावेवर घालायचे म्हणून ठेवलेले बूट मिरकरवाड्यातल्या एका खलाशाने चढवून पाहिले, आणि समुद्रात पडायला याहून सोयीचं काही नाही असा अभिप्राय देऊन परत केले. सलिल भर मे महिन्यात खांद्यांवर स्वेटर टाकून गल्ल्यावर बसे. त्याला घाम येई, बाकी काही येत नसे.

शेवटी त्याने जाहीर केलं, की मुंबईच्या मोठ्या दुकानाची मृणाली नावाची खरेदीदार माल बघायला येते आहे. तिने घेतला तर ठीक, नाहीतर परत मुंबई. एकुलता मुलगा घरात जेवायला बसतो आहे, एवढंच लीलावहिनींना पुरे होतं. मुंबईचं नाव निघाल्यापासून त्यांचं मात्र जेवणातलं लक्ष उडालं.

मग त्या कामाला लागल्या. पाहुणीपुढे फाटकं ठेवायचं ही आमच्याकडची रीत नव्हे. सलिल दोन दिवस बागेत फवारणीला गेला, तेवढ्यात त्यांनी दुकानातल्या एकूण एक शर्टाची कॉलर उसवली, उलटवली आणि झिजलेली बाजू आत घालून मशीनवर नीट शिवून टाकली. कोपरांना ठिगळं लावली. सगळ्यांना खळ केली. राजाभाऊंच्या अंगावर कुणाच्या तरी आहेरातला करकरीत टेरिकॉट चढवला आणि चौकड्यांचं ते चिरगुट धुऊन परसात दगडी गडग्याच्या आड दोरीवर लपवलं.

मृणाली आली आणि पडवीत बसून तिने पहिला शर्ट उलगडला. दुसरा उलगडला. "कॉलरी कोणी बदलल्या?"

"मीच हो," लीलावहिनी कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. "अजून दहा वर्षं बघायला नको."

सलिलने उरलेले शर्ट गोळा करायला घेतले. मृणाली सभ्य होती. तिने कोकम सरबत संपवलं आणि हात धुवायला परसात गेली. तिथून तिने हाक मारली.

"हा! हा मला द्या. अशी झीज मी कुठे पाहिली नाही. हा मिळाला तर दर मोसमाला असा माल सलिलकडूनच घेते."

"तो विकायचा नाही," राजाभाऊ म्हणाले.

लीलावहिनी मुलाकडे बघत होत्या आणि मुलगा जमिनीकडे. राजाभाऊ पुढच्या अंगणात, खळ्यात एक फेरी मारून आले, नि त्यांनी स्वतःच दोरीवरून शर्ट काढला. अजून ओलाच होता. त्याची घडी घालायला त्यांना फार वेळ लागला. मला बघवेना.

"कोणाचा म्हणून सांगू?" मृणालीने विचारलं. "गिऱ्हाइकाला गोष्ट लागते."

"भावाचा," राजाभाऊ म्हणाले. "धुऊ नका. रंग जातो."

सलिल राहिला. दुकानाचं आता 'झीज केंद्र' झालं आहे. यंत्राला न जमणारी झीज माणसाकडून करून घ्यावी, हे त्याचं ध्येय. मोसमाच्या सुरुवातीला आळीतल्या पुरुषांना नवे शर्ट वाटले जातात. कॉलरसाठी बँकेतली मंडळी नेमली आहेत (नकार देताना मान जास्त फिरते). चिकाचं खातं बागायतदारांकडे, खाऱ्या पाण्याचं मिरकरवाड्याकडे. खिडकीत बसून आळीवर लक्ष ठेवण्याचा दीर्घ अनुभव असल्यामुळे मी डाव्या कोपराचा मानकरी आहे. शर्ट पुरेसा मऊ झाला की सलिल येतो आणि घेऊन जातो. परिणामी आमची खानदानी आळी बारा महिने नवेकोरे कपडे घालून हिंडते आणि अगदी कालपरवा पैसा आल्यासारखी दिसते.

लीलावहिनी दोन घास जास्त जेवतात. राजाभाऊ संध्याकाळी पडवीत मान अवघडून बसतात. नव्या कॉलरीने काचतं. बोलता बोलता त्यांचं बोट कोपराशी जातं, भोक सापडत नाही, आणि परत येतं.

चौकड्यांचा शर्ट मुंबईत लगेच गेला म्हणे. कोणी घेतला ते कळलं नाही. गिऱ्हाईक सुशिक्षित होतं, मराठी वाचणारं होतं, एवढंच मृणाली म्हणाली. तेव्हा बहुधा तुम्हीच. तुमच्या वडिलांचाही असा एक मऊ शर्ट होता. ते गेल्यावर कपाट आवरताना तुम्ही तो बोहारणीला दिलात आणि झाकणाचा डबा घेतलात. डबा चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. आता दुसऱ्याच्या भावाचा अंगात घातलाच आहे, तर एवढं तरी करा. धुऊ नका.