लेट हाय, रद्द न्हाई

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत आधी फुंकर मारल्याचा आवाज येतो. फू, फू. मग घसा खाकरला जातो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी सूचना होते, "भाविकांनी कृपया लक्ष द्यावे. आजचे वाचन थोड्याच वेळात सुटत आहे."

समोरचे सायमनराव बायबल वाचायला बसलेले असतात. उंबऱ्यात खुर्ची, पाठ गल्लीकडे, तोंड घरात आणि तोंडासमोर स्टीलचा रिकामा पेला. माइकशिवाय आवाजाला वजन येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा पेल्यात थोडा चहा राहिला होता. त्या दिवशी वाचन चष्मा पुसून मग सुरू झालं.

सायमनराव मानवतच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. गल्ली त्यांना अजून कंट्रोलर म्हणूनच ओळखते. सोनपेठची गाडी वेळेवर आल्याचं कुणाला आठवत नाही. खिडकीशी भांडायला आलेल्या प्रत्येकाला ते शांतपणे सांगायचे, "लेट हाय, रद्द न्हाई." पुढे हे वाक्य ते कशालाही लावू लागले. पेन्शन, नळाचं पाणी, माझ्या पुतण्याचं लग्न. पुतण्याचं लग्न खरं तर केव्हाच मोडलं होतं, पण कंट्रोलरांनी ते कधी मान्य केलं नाही.

धर्माशी त्यांचा संबंध नाताळच्या करंज्यांपुरता होता. दर रविवारी उपासनेला त्यांची बायको रूथबाई एकटीच जायची. "रविवारी स्टँडवर गर्दी लय असती. प्रभूला म्हाईत हाय," असं ते सांगायचे. रिटायर झाले, गर्दी सुटली, तर म्हणाले, "आता सवय मोडली." रूथबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून शास्त्र तोंडपाठ. भांडी घासता घासता त्या एखाद्या संदेष्ट्याच्या आधाराने नवऱ्याला झापायच्या आणि शेवटी आमेन म्हणायच्या. नवराही आमेन म्हणून चहा मागायचा.

मागच्या संक्रांतीच्या सुमाराला रूथबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. परभणीचे डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, वाचा परत येईल किंवा नाही येणार, तुम्ही मात्र बोलत राहा. इतकी वर्षं अख्ख्या तालुक्याशी बोललेला माणूस घरी येऊन गप्प बसून राहिला. मग त्यांनी ट्रंकेतून लग्नात मिळालेलं बायबल काढलं. "तिच्याशी बोलायचं मंजी तिच्याच भाषेत बोलावं लागंल की, सर," मला म्हणाले. मी शाळेत मास्तर, म्हणून त्यांचा सर.

तेव्हापासून रोज सकाळी फू, फू.

वाचन म्हणजे आमच्या गल्लीची करमणूक होती. मोशे लोकांना घेऊन निघाला की "मिसरहून वाळवंटमार्गे वचनदत्त देशाकडे जाणारी गाडी" सुटायची. ती किती वर्षं रखडली हे सांगताना कंट्रोलरांच्या आवाजात जरा अभिमानच असायचा. देवाचा मुलाहिजा ते ठेवत नसत. ईयोब नावाच्या भल्या माणसाची पोरंबाळं, गुरंढोरं, सगळं गेल्याची कथा आली, तेव्हा पुस्तकात बोट ठेवून थेट माझ्या ओट्यावर आले.

"ह्याचं काय चुकलं होतं, सर?"

"मला काय माहीत?"

"म्या असतो तर तक्रारवही मागितली असती."

"आणि दिली नसती तर?"

"तर तितंच बसून ऱ्हायलो असतो. ह्यो बी बसलाच की." असं म्हणून परत जाऊन त्यांनी पेला उचलला.

दाढी करता करता ऐकून मलाही गोष्टी पाठ झाल्या, आणि मग ध्यानात आलं की कंट्रोलर धडधडीत चुकतात. माशानं योनाला सोडून नोहाला गिळलं. सिंहांच्या गुहेत दानीएलाच्या जागी मोशे जाऊन बसला. एकदा तर उलटंच, राक्षसासारख्या गल्याथानं पोरसवदा दाविदाला धोंड्यानं आडवा केला आणि वाचन तिथेच संपलं. प्रत्येक चुकीनंतर ते थोडा वेळ थांबायचे. वय झालं, दम लागत असेल, असं मला वाटायचं. आमची ही म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढलाय.

एके सकाळी रूथबाईंसाठी प्रार्थना करायला परभणीच्या चर्चचे पाळकसाहेब आले. मीही तिथे होतो. नेमका त्याच वेळी नोहा पुन्हा माशाच्या पोटात गेला. पाळकसाहेब अगदी मऊपणाने म्हणाले, "सायमनराव, तो योना. नोहा नव्हे."

"तुमाला कोन विचारलं?"

कंट्रोलरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाळकसाहेबांनी घाईघाईत प्रार्थना आटोपली आणि चहा न घेता गेले. कंट्रोलर माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मला म्हाईत न्हाई का योना?" ते म्हणाले. "सर, तिनं माजी चूक कदी खपवून घेतली न्हाई. येक नाव चुकलं की चुलीपासून वरडायची. म्हून मुद्दाम चुकायलोय. कदी तरी ऱ्हावनार न्हाई तिला. आन् हे पाळकसाहेब मधीच तिचं काम करून गेले."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तरी जीभ वळवळलीच. "आणि नाहीच बोलल्या तर?"

त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. हातातल्या पेल्यात बघत राहिले आणि उठून गेले.

पुढेही वाचन चालू राहिलं, पण फू-फू मधला जोर गेला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी हरवलेल्या मेंढराची गोष्ट निघाली. रूथबाईंची ही सगळ्यात लाडकी. माहेरी त्यांनी स्वतः शेरडं राखली होती. कंट्रोलर वाचू लागले, "येका मानसाकडं शंभर मेंढरं होती. त्यातलं येक हरवलं. तवा तो म्हनला, जाऊ द्या, नव्व्याण्णव हायेत की. आन् घरी जाऊन झोपला. आमेन."

मी वस्तरा थांबवला. मूळ गोष्टीत मेंढपाळ नव्व्याण्णव टाकून त्या एकाला शोधत हिंडतो; इतका खोटेपणा त्यांनी आजवर केला नव्हता. गल्लीत कुठेतरी बादली भरत होती, तेवढाच आवाज. मग आत खाटेच्या लाकडावर हात आपटला. पुन्हा आपटला.

"न्हा...ई."

"काय न्हाई?" कंट्रोलरांनी पेला तोंडासमोरून काढला.

"न्हाई." आता स्पष्ट, आणि चांगलाच रागाचा.

ते पेला घेऊन धावत गल्लीत आले. मी अर्ध्या दाढीचा बाहेर. "सर, ऐकलं का? लय चिडली," म्हणाले आणि भर रस्त्यात रडू लागले. मीही डोळे पुसले, फेस डोळ्यात गेल्याचं निमित्त होतंच.

तो एकच शब्द रूथबाईंनी दिवसभर सढळ हाताने वापरला. औषधाला न्हाई, उपम्याला न्हाई, अभिनंदनाला आलेल्या आमच्या हिलाही न्हाई. कंट्रोलर अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, "मला तर सकाळपासून कितींदा म्हनली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फू-फू झालं नाही. मला धास्ती वाटली. ब्रश हातात घेऊनच मी समोर डोकावलो. खुर्ची उंबऱ्यातून उठून खाटेला लागली होती. पेला खाली पालथा पडला होता. कंट्रोलर रूथबाईंच्या उशाशी वाकून हळू आवाजात कालचीच गोष्ट वाचत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मेंढपाळ शोधायला गेला का, मेंढरू सापडलं का, काही कळलं नाही.

पण मी तिथे उभा होतो तोवर रूथबाई एकदाही न्हाई म्हणाल्या नाहीत.