एकाच पाटलाचं गाव

नवा माणूस भेटला की दिगंबरमास्तर रामराम घालायच्या आधी विचारायचे, "तुमी उलटणारे की न उलटणारे?" हिंगोलीच्या हळद बाजारात आलेली परगावची माणसं या प्रश्नानं बिचकून गाडीआड व्हायची. पुतणीला पाहायला आलेल्या व्याह्यालाही त्यांनी हेच विचारलं. ते लग्न चहाच्या आधीच मोडलं.

मास्तरांच्या मनात वाकडं काही नव्हतं. हैदराबादेत गणितात एम.ए. झालेला माणूस. पाचाचा उलटा एक-पंचमांश. असा उलटा ज्याला आपल्याच गावात सापडतो तो उलटणारा. आकड्यांची काही गावं अशी असतात म्हणे, जिथले सगळे न उलटणारे एकाच पाटलाच्या हाताखाली नांदतात. त्या गावाच्या तालावर चालणारा जो मोजक्या माणसांचा लवाजमा, त्याची बांधणी कशी असते, हे शोधण्यात मास्तरांचा जन्म चालला होता. मी शेजारी, आडतीवर मापाडी. ओटे जोडून असल्यामुळे ऐकणं काही चुकत नसे.

"किसन, ध्यान दे. न उलटणारे दोघं एक झाले, तरी त्यांची बेरीज उलटत न्हाई. पाटील एकच हाय ना."

"आन् पाटील दोन असले तर?"

"मंग उलटू शकते. तिथंच तर गंमत हाय."

मला गंमत दिसत नसे. मी घोंगडी ओढून घ्यायचो.

पण राज्य निजामाचं, शाळा सरकारी आणि दिवस धरपकडीचे. हे उलटणं आणि हा पाटील कोणीतरी ठाण्यात पोचवला. कोणी ते मला ठाऊक आहे. पुढं तो खादीत दिसला. लगेच करीम जमादार साध्या कपड्यात मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसू लागला. मास्तरांना वाटलं, देवानं शिष्य धाडला. त्यांनी खडूनं फरशी भरून टाकली. जमादाराला वर खबर द्यायची होती, त्यामुळे त्याला एक शब्द सुटून चालणार नव्हतं.

"मास्टरसाब, लवाजमा पूरा का पूरा पाटील के कब्जे में गया, तो?"

"तर त्यातला एक माणूस फुकटचा ठरतो. त्याला काढला तरी लवाजमा तेवढाच राहतो."

"फिर?"

मास्तर हरखून जायचे. गल्लीनं त्यांना आजवर 'पुरे' म्हटलं होतं. 'फिर' कोणी म्हटलं नव्हतं.

महिनाभरात मास्तरांना काढल्याचा हुकूम आला आणि जमादाराचं येणं थांबलं. शिकवणीला पोरं पाठवायला लोक भ्याले. मास्तरीणबाईंनी पापड लाटून घर ओढलं, आणि गल्लीनं ते पापड नावं ठेवत खाल्ले.

अठ्ठेचाळीस साली फौजा आल्या, राज्य गेलं. तीच भ्यालेली मंडळी हार घेऊन मास्तरांच्या दारात. पुढं खादीवाला.

"मास्तर, सरकारविरुद्ध बोलून तुमी नोकरी घालवली. सभेत दोन शब्द बोला. नोकरी बराबर वापस भेटते."

मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पिठाचे हात पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"सरकारविरुद्ध मी काही बोललोच न्हाई," मास्तर म्हणाले. "ते लवाजम्याचं होतं."

"आता काहून लाजता? हुजुरांचा लवाजमा म्हणा ना."

"न्हाई. लवाजमा म्हंजे लवाजमा."

हार परत गेला आणि त्याच सभेत खादीवाल्याच्या गळ्यात पडला. नोकरी त्याच्या मेहुण्याला मिळाली. मास्तरीणबाई पुन्हा पोळपाटाशी जाऊन बसल्या. मला त्या लोकांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा जास्त आला.

"एक व्हय म्हणलं असतं तर काय बिघडत होतं, मास्तर?"

त्यांनी ते ऐकलंच नाही. म्हणाले, "करीम कुठं गेला रे?"

फौजा आल्यावर मुसलमान वस्तीतली बरीच घरं एकाएकी रिकामी झाली. काहींना कुलूप लावायलाही कोणी उरलं नव्हतं. करीमचं त्यातलंच. तो कुठं गेला हे गल्लीत कोणी विचारत नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते.

"गेला असंल हैदराबादकडं," मी म्हणालो. "ज्यानं तुमची नोकरी खाल्ली, त्याची कशाला फिकीर?"

"एक माणूस निघतो, मंग दुसरा, असं करत लवाजम्यात कोणीच उरत न्हाई. तितवर न्यायचं होतं त्याला. आधीच हुकूम आला."

मास्तर फरशीकडे बघत बसले. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मंग? पुढं काय होतं, मास्तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

"राहू दे, किसन. तू कीव करून विचारून राहिला. तो संशयानं विचारायचा, पण त्याला उत्तर पायजे होतं."