उभे शब्द, बसलेले शब्द

इनासकाका शब्दाला भोक पाडतात. अक्षरशः पाडतात. नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी पत्त्यांएवढी कार्डं केली आहेत. एका कार्डावर एक इंग्रजी शब्द. जॅकेटच्या उजव्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. शब्द कानावर आला की पहिलं भोक. स्वतःच्या तोंडून बाहेर पडला की दुसरं. आणि समोरच्याला तो एका फटक्यात कळला, त्याने 'सॉरी?' म्हणून कान पुढे केला नाही, की तिसरं. तिसरं पडलं की काका समाधानाने म्हणतात, "बसला." तोवर शब्द उभा.

हे बसणं-उभं राहणं कुठून आलं ते सांगते. काका वसईचे. एकतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. बायको फिलोमिना वारली, तेव्हा मुलगा नेल्सन त्यांना इकडे कॅनडात, मार्कहॅमला घेऊन आला. येताना काकांनी बरोबर आणलं काय, तर उन्हात वाळवलेली सुकेळी, बायकोचा फोटो आणि हा चिमटा. टोरंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने चिमटा उचलून हे काय आहे म्हणून विचारलं. काकांकडे तेव्हा एकच कामाचा शब्द होता. "टिकेट," ते म्हणाले. अधिकाऱ्याने तिकीट मागितलं. काकांनी पुन्हा चिमट्याकडे बोट दाखवलं. हे बराच वेळ चाललं.

मी त्यांच्याच रांगेत, दोन घरं सोडून राहते. एका कंपनीत यंत्रांची मॅन्युअलं लिहिते, म्हणजे इंग्रजीचंच खाते, आणि त्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज होता. नेल्सनने "या टीचरसारख्याच आहेत" अशी माझी ओळख करून दिली आणि काकांनी त्याच दिवशी माझी मास्तरीणबाई केली. तेव्हापासून माझ्या हातात ग्रोसरीच्या पिशव्या असोत की बर्फाचं फावडं, ते मला वाटेत अडवतात.

"मास्तरीणबाई, 'येट' आणि 'स्टिल' एकाच थांब्याला उतरतात का?"

"नाही."

"आपल्याकडे दोघांना एक 'अजून' पुरतो. यांना दोन गाड्या कशाला लागतात?"

मी चिडून घरात गेले आणि त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाक सोडून 'येट' आणि 'स्टिल'वर बसले.

काकांचा एक नियम फार कडक. तिसरं भोक खऱ्याच वाक्याला. वर्गात गिरवलेलं, उगाच बोलून पाहिलेलं चालत नाही. "खोटं तिकीट मी कधी फाडलं नाही," असं ते म्हणतात. या नियमापायी 'कम्प्लेन' हा शब्द तीन आठवडे उभा होता, कारण तक्रार करण्यासारखं काही घडेचना. नळाला पाणी, दिव्याला वीज, कचऱ्याची गाडी वेळेवर. काका अस्वस्थ. शेवटी एका सकाळी बस दोन मिनिटं लवकर आली. काका चढले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आय कम्प्लेन. यू आर अर्ली. पॅसेंजर इज रनिंग." मागून खरंच एक बाई धावत येत होती. ड्रायव्हर म्हणाला, "सॉरी."

आता हा 'सॉरी' कुठला? न कळल्याचा की चुकल्याचा? काका बसमधून उतरून थेट माझ्या दारात. मी म्हटलं, "तो थांबला ना त्या बाईसाठी? मग कळलं त्याला." काकांनी माझ्या उंबऱ्यावरच खिशातून चिमटा काढला. पण या देशात लोक दाराला धडकले तरी सॉरी म्हणतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी नियमात बदल केला. नुसता सॉरी धरायचा नाही, कान पुढे आला तरच धरायचा.

'स्लिपरी' मात्र पहिल्याच हिवाळ्यात बसला. काका स्वतः ड्राइव्हवेवर आपटले. शेजारच्या मार्गारेटबाई खिडकीतून ओरडल्या, काय झालं म्हणून. काका आडव्या स्थितीतूनच म्हणाले, "स्लिपरी." त्या म्हणाल्या, "येस, व्हेरी." कंबर शाबूत आहे की नाही हे पाहण्याआधी काकांनी खिशात हात घातला. मी धावत गेले तर हे बर्फात बसून कार्डाला भोक पाडत होते.

एवढा अट्टहास कशासाठी, तर आमच्या कोपऱ्यावर शाळा आहे आणि तिथे क्रॉसिंग गार्ड हवा होता. हातात 'स्टॉप'ची पाटी घेऊन पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. काकांना ही नोकरी स्वर्गासारखी वाटली. "तिकडे लोक हात दाखवायचे आणि मी थांबायचो. इकडे मी हात दाखवणार आणि सगळे थांबणार." त्यासाठी इंग्रजीच्या पाचव्या पातळीचा कागद लागत होता. काका दुसऱ्या पातळीवर होते. लायब्ररीतल्या वर्गात त्यांनी नाव घातलं आणि दीड वर्षात चौथी पार केली. त्या वर्गातली निम्मी मंडळी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होती.

यातलं अर्धं श्रेय मार्गारेटबाईंचं. शहाऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, सरळ पाठीची बाई. ओळख झाली ती फावड्यावरून. काकांनी दार वाजवून म्हटलं, "कॅन यू बॉरो मी शोव्हल?" मराठीत उसनं द्यायचंही आणि घ्यायचंही, त्यामुळे काकांचं चुकलं काहीच नव्हतं. मार्गारेटबाईंनी आधी 'लेंड' असं सुधारलं आणि मग फावडं दिलं. काकांनी त्याच फावड्याने आधी त्यांचाच ड्राइव्हवे शोव्हल करून दिला. मग आत चहा. जाताना काका दारात उभे राहून म्हणाले, "ओके मार्गारेट. आय अ‍ॅम कमिंग."

मार्गारेटबाईंनी पुन्हा केटल चढवली. कप मांडले. वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तू येतोय म्हणालास ना? "येस," काका म्हणाले, "आय केम." आणि बसले.

याचा उलटा प्रकारही झाला. एकदा मार्गारेटबाई टॅक्सीत बसता बसता म्हणाल्या, "आय अ‍ॅम ऑफ, इनास." आपल्याकडे निघणाऱ्याला 'या' म्हणतात, तसं काका म्हणाले, "कम." मार्गारेटबाईंना वाटलं, यांना बरोबर यायचंय. त्यांनी सरकून जागा केली. बाईमाणसाने जागा दिल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून काका बसले आणि दुपारभर डोळ्यांच्या दवाखान्यात राहिले. येताना 'ब्लरी' आणि 'ड्रॉप्स' घेऊन आले.

मला हे सगळं ऐकून हसू यायचं, ते पाचव्या पातळीच्या परीक्षेपर्यंत. परीक्षेतला शेवटचा भाग असा: तुम्ही ओळखीच्यांकडे आला आहात, बस पकडायची आहे, नीट निरोप घ्या. काका उठले, हात जोडले, "ओके मॅडम, आय अ‍ॅम कमिंग" म्हणाले आणि घरी आले. परीक्षक बाई पंधरा मिनिटं वाट पाहत बसल्या. मग कुणाला तरी वॉशरूममध्ये पाहायला पाठवलं. निकालावर शेरा आला: परीक्षा अपूर्ण.

माझं डोकं फिरलं. काकांना मी माझ्या स्वयंपाकघरात बसवलं.

"काका, निघताना 'आय अ‍ॅम लीव्हिंग' म्हणायचं. एक वाक्य आहे."

"नाही म्हणणार."

"नोकरी हवी आहे ना?"

"हवी आहे."

"मग?"

"मग खोटं बोलू?" त्यांनी 'लीव्ह'चं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याला दोन भोकं होती. "एकतीस वर्षं पहाटे ड्यूटीवर निघताना फिलूला 'येतो' म्हटलं. आणि आलो. एकदा घाटात दरड कोसळली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी आलो, पण आलो. ज्याला परत यायचंय त्याने 'लीव्हिंग' का म्हणायचं?"

"पण इथल्या लोकांना काय कळणार त्यातलं?"

"मार्गारेटला कळतं," काका म्हणाले आणि कार्ड उचलून खिशात टाकलं.

पुन्हा परीक्षा मे महिन्यात होती. मी वैतागून हात टेकले. आणि मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागलं तेव्हा, मार्गारेटबाईंच्या अंगणात घर विकायची पाटी लागली.

काका माझ्याकडे आले. "मास्तरीणबाई, मार्गारेट म्हणते ती मूव्ह होतेय." 'मूव्ह' हा त्यांचा अगदी जुना, तिन्ही भोकांचा शब्द. बसमध्ये 'पुढे सरका' सांगायला त्यांनी तो मुद्दाम मिळवला होता. "कुठे सरकतेय?"

मी सांगितलं. मार्गारेटबाईंची मुलगी ओटावाला असते. तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या निवासात त्यांना खोली मिळाली आहे. एप्रिलच्या शेवटी जाणार.

"किती किलोमीटर?"

"साडेचारशेच्या आसपास."

"एवढं सरकतात का कधी?" ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी 'मूव्ह'चा दुसरा अर्थ जरा चढ्या आवाजात समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. कार्डाला चौथं भोक पाडलं नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे काका रोज मार्गारेटबाईंकडे. खोकी बांधायला. मी समजत होते की माणूस खचेल. हा पठ्ठ्या आठवड्याला चाळीस चाळीस कार्डं करायला लागला. 'अ‍ॅटिक', 'फ्रॅजाइल', 'हिंज', 'एअरलूम'. मी म्हटलं, काका, परीक्षेत यातलं काही येणार नाही. ते म्हणाले, "परीक्षेसाठी कोण करतंय? ती प्रत्येक वस्तू उचलते आणि गोष्ट सांगते. अर्धी गोष्ट मला कळत नाही. ती गेली की पुन्हा कोण सांगणार?" रात्री पाठ केलेले शब्द सकाळी घेऊन जायचे आणि आणखी थोडी गोष्ट समजून घ्यायची, असा त्यांचा नेम होता. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "काल पूर्ण कळली. नवऱ्याच्या बोटीची. एकदाही सॉरी म्हणालो नाही." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर चौथी पातळी पार केली तेव्हाही पाहिला नव्हता.

निघायचा दिवस शनिवारचा होता. मार्गारेटबाईंची मुलगी गाडी चालवायला बसली होती. मी वाटेत खायला म्हणून शंकरपाळ्यांचा डबा दिला. मार्गारेटबाई पुढच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावला, काच खाली केली. काका गाडीच्या दारावर हात ठेवून उभे होते, बसच्या दारावर ठेवतात तसा.

मार्गारेटबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "ओके, इनास. आय अ‍ॅम कमिंग."

मी मॅन्युअलं लिहिणारी बाई. गेली दोन वर्षं ज्या वाक्याला मी हसत होते, चूक म्हणत होते, ते या बाईने नीट ऐकून, समजून, स्वतःचं करून ठेवलं होतं. मला माझी लाज वाटली.

याला उत्तर 'कम'. काकांना ते येत होतं, पण तोंडातून निघेना. मार्गारेटबाई आता परत येणार नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"नो," काका म्हणाले. "यू लीव्ह, मार्गारेट. आय अ‍ॅम कमिंग."

मार्गारेटबाईंनी कान पुढे केला नाही. त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. काकांनी गाडीच्या टपावर तळहाताने दोनदा थाप मारली. कंडक्टरची डबल बेल, गाडी सोडायची. गाडी निघाली आणि कोपऱ्यावरून वळली. मग काकांनी खिशातून 'लीव्ह'चं कार्ड काढलं आणि तिसरं भोक पाडलं. मी वाट पाहत होते, पण ते 'बसला' म्हणाले नाहीत.

मेमधल्या परीक्षेत शेवटी काका उठून स्पष्ट म्हणाले, "आय हॅव टू लीव्ह नाऊ." दारापर्यंत गेले आणि खात्री करायला मागे वळून म्हणाले, "आय अ‍ॅम नॉट कमिंग, मॅडम. डोन्ट वेट." पास झाले. सप्टेंबरपासून कोपऱ्यावर पाटी घेऊन उभे राहणार आहेत.

पण त्याआधी, काल सकाळी, ते पाठीला बॅग लावून माझ्या दारात आले. ओटावाची बस पकडायची होती. हल्ली तिकीट फोनवर येतं याचा त्यांना मनापासून राग, म्हणून नेल्सनकडून छापून घेतलेला कागद हातात होता. त्या कागदाबरोबर एक नवं कोरं कार्ड. मी वाचलं. 'कमिंग'.

"काका, हा तर पहिल्या पातळीचा शब्द. आणि दोनच भोकं?"

"तिसरं मार्गारेट पाडणार," त्यांनी खिशातला चिमटा थोपटला. "पोचल्याशिवाय कसं पाडायचं?"

मग ते पायरी उतरले आणि म्हणाले, "येतो, मास्तरीणबाई."

"या," मी म्हटलं.