मान डोलावणारा पहारेकरी

एका जंगलात, मुलांनो, एक लांडगा जमिनीला कान लावून फिरायचा. बिळातली कुजबुज त्याला ऐकू आली, की त्या सशांचं काही खरं नसायचं.

म्हणून सशांनी साळिंदर इंजिनिअरकडून बिळांना जोडणारं एक भुयार खोदून घेतलं. नाव 'सुरक्षित जोडणी'. भिंती इतक्या जाड, की आतला आवाज बाहेर जाणार नाही. तोंडाशी पहाऱ्याला सरडा बसवला. येणाऱ्याने सागाच्या पानाचं प्रमाणपत्र दाखवायचं; ते जंगलातल्या हत्तीणआजी सोंडेचा ठसा मारून द्यायच्या. सरड्याने बघायचं, ठसा हत्तीणआजींच्याच सोंडेचा आहे ना, नाव आणणाऱ्याचंच आहे ना, आणि पान हिरवं आहे ना. वाळलं, की मुदत संपली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी ससुली नावाच्या सशिणीची मावशी नदीपलीकडून आली. उन्हाने पान वाटेतच वाळलं. सरड्याने तिला अडवलं.

साळिंदर तापला. "अरे, उद्या उद्घाटन आहे! नवं पान यायला दोन दिवस लागतील. आजच्यापुरती नुसती मान डोलाव."

"पान न बघता?"

"सरड्याला मान डोलावायला शिकवायचं का आता?"

सरडा मान डोलावू लागला. साळिंदराने भिंतीवर खरडलं, 'तात्पुरतं. नंतर बदलणे.' आणि तो निर्लज्ज पुढच्या कंत्राटावर निघून गेला. हसू नका. तुमचे बाबा ऑफिसात काय करतात, विचारा एकदा.

वर्षभर एकही तक्रार आली नाही. सशांची अक्कल बघा, त्यांनी सरड्याला शाल-नारळ दिला.

मग एका दुपारी लांडगा आला. पंजात वाळकं पान, त्यावर स्वतःचाच ठसा, आणि नाव 'मावशी'.

आतून ससुलीने विचारलं, "सरडेभाऊ, पान नीट पाहिलंत ना? चार पोरं आहेत हो घरात."

तिने दाराच्या फटीतून पाहिलं. सरडा मान डोलावत होता. तिने कडी काढली.

शेजारच्या बिळात सगळे निवांत दूर्वा खात होते. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

पुढे चौकशी समिती बसली. समितीने ससुलीचं रिकामं बीळ पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या आणि अहवाल दिला, "भुयार उत्तम आहे. एकही किंकाळी बाहेर आली नाही." भिंती आणखी हातभर जाड करायचं ठरलं. सरडा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

तात्पर्य : नाही म्हणणारा पहारेकरी सगळ्यांचं काम अडवतो. हो म्हणणाऱ्यामुळे कुणाचंच अडत नाही. लांडग्याचंसुद्धा.